कोंड्यासकट कुरड्या

मोताळा, मंगळवार

ती. आत्याबाई,

तुमच्या पायाले इथूनच हात लावतो. खरं म्हणजे वाकून लावाले पाहिजे, पण सध्या मले वाकताच नाई येऊन राह्यलं, कमरेत चमक भरली (काऊन भरली ते खाली येते). तुमचा गुडघा कसा आहे? मामाजींचा खोकला बसला का? तिकडं नांदुऱ्याले तुमच्या गायीले गोऱ्हा झाला असं ऐकलं, म्हणजे घरचं दूध सुरू झालं असंन. लय चांगलं झालं. पाकिटाचं आता बंदच करून टाकजा. तुमी म्हणसान, फोन असताना हा पोट्टा पत्र काऊन लिहून राह्यला. त्याचं असं आहे, की आमच्या घरात फोनवर बोलणारा एक असला तं ऐकणारे घरभर असतात, अन् तिकडं मामाजी तुमचा फोन स्पीकरवर टाकून ओसरीत ठेवतात. शाळा माही सगळी इंग्रजीतून झाली, मराठीत बोलतो भरभर अन् लिहितो बैलगाडीसारखं, तं सांभाळून घेजा.

छकुलीचं लग्न अगदी तोंडावर आलं आहे, अन् रुखवताची पंचाईत झाली आहे. ती माह्यामुळं झाली असं घरात सगळ्याईचं मत आहे. मले वाटते तुमी अगोदर सगळं ऐकून घ्या.

तुमाले माहीत आहे, दिवाळीनंतर बाबाची शुगर वाढली. बुलढाण्याच्या डॉक्टरनं गोळी लिहून दिली अन् विचारलं, दिवसभर काय खाता. बाबा म्हणे, काही नाई, साधंच. ते साधंच काय आहे हे मी घरी आल्यावर लक्ष देऊन पाह्यलं. सकाळी चहासंगं खारी. वावरातून आले की क्रीमची बिस्किटं. दुपारी भाजीवर पाकिटातली शेव. संध्याकाळी पाहुणा आला तं त्याच्यासंगं बाटलीतलं थंड, अन् पाहुणा नाई आला तं त्याच्या वाटचंही. तेव्हापासून मी मनावर घेतलं. पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचू लागलो (बाबानं माह्या शाळेची एवढी फी भरली, तिचा घराले उपयोग झाला तो हा पह्यलाच). ज्या वस्तूत काय टाकलं आहे त्याचं नाव आपल्या तोंडातून निघत नाई, ती वस्तू तोंडात कशाले टाकाची, एवढंच माहं म्हणणं. मंग खारी गेली, शेव गेली, बाटली गेली. ज्वारीची भाकर आली, अंबाडीची भाजी आली, फुटाणे आले, बरबटीची उसळ आली. बाबानं बिस्किटाचा पुडा कडब्याच्या गंजीत लपवून पाह्यला, पण तो अगोदर मुंगळ्याईले सापडला अन् मुंगळ्याईच्या रांगेमागं जाऊन मले. त्या दिवशी बाबा माह्याकडं पाठ करून जेवले. पण पुढच्या तपासणीत शुगर खाली आली, अन् डॉक्टर म्हणे, हे कोणं केलं? बाबानं नाइलाजानं माह्याकडं बोट दाखवलं.

आत्याबाई, तेच बोट मले नडलं. तवापासून घरात मले कोणी नाई म्हणत नव्हतं. आईसुद्धा डाळ कोणती आणू हे विचारू लागली.

आता कुरड्याईचं. तुमाले कुरड्या काय सांगाच्या, पण मले जे झालं ते सांगाचं आहे. रुखवतात कुरड्याईची उतरंड मांडाची असं आईचं कधीचं ठरलं होतं, कारण छकुलीची मलकापूरची होणारी सासू, असं ऐकलं, की रुखवतातली कुरडई उचलून उन्हाकडं धरते अन् आरपार किती दिसते ते पाह्यते. आईनं गहू भिजू घातले, वाटून आणले, फडक्यातून गाळले. चीक मोठ्या गंजात निवळाले ठेवला, अन् उरलेला चोथा बाजूच्या घमेल्यात, म्हशीसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आई अन् छकुली बस्त्यासाठी खामगावले निघाल्या. कुरड्या घालाचं काम शेजारच्या शालूबाईच्या भरवशावर अन् गल्लीतल्या बायाईच्या हातावर सोडलं. माह्याकडं फक्त एक काम होतं, बाया याच्या अगोदर चिकावरचं पाणी अलगद ओतून टाकाचं.

ते मी ओतलं. इथपर्यंत मी एकदम आज्ञाधारक. मंग माहं लक्ष घमेल्याकडं गेलं. गव्हाचं सगळं सत्व, सगळं फायबर म्हशीले, अन् पांढरंफटक स्टार्च मलकापूरच्या लोकाईले. म्हशीची शुगर वाढल्याचं तुमी कधी ऐकलं का? आपल्या छकुलीच्या सासरची माणसं, त्याईच्या तब्येतीचं आपण नाई पाहाचं तं कोण पाहीन, असं मनात आलं. मी घमेलं उचललं अन् सगळा चोथा चिकात परत टाकला. चांगला हातानं कालवला, गाठी राहू दिल्या नाई (हे कोणीच लक्षात घेत नाई).

शालूबाई आली. गंजात पाहून म्हणे, "काऊन बे अवी, चीक असा मातकट काऊन दिसून राह्यला?" मी म्हटलं, घरचा गहू आहे, काकू, पॉलिशचा नाई. हे खोटं नव्हतं. ती बिचारी म्हणे, असंन बाबा, तुमी शिकलेले. अन् चूल पेटवली.

एरवी चीक शिजला की काचेसारखा चमकते, हे मलेही माहीत आहे. हा चमकला नाई. त्याचा लेप झाला. हाटता हाटता दोन बायाईचे हात बदलले, मंग मले बोलावलं. सोऱ्यात भरला तं चकतीच्या छिद्राईत कोंडा अडकला. वरून दाबा, काहीच नाई, अजून दाबा, अन् एकदम एक जाड गोळा बाहेर. मी गच्चीवर गुडघे टेकून, सोऱ्या पोटाशी धरून, पूर्ण ताकद लावून दाबून राह्यलो होतो, तवाच कमरेत कट्ट वाजलं. (वर सांगतलं होतं ते हेच.) शालूबाईले आता सगळं समजलं होतं. आईच्या जुन्या साडीवर जे काही पडून राह्यलं होतं त्याच्याकडं पाहून ती म्हणे, "कुरड्या नाई बाई ह्या, भांडे घासाच्या घासण्या आहेत. नवरदेवाच्या घरी भांडे लय असतीन तं बरं होईन." सगळ्या बाया पदर तोंडाले लावून हसल्या. मी फायबरचं सांगाचा प्रयत्न केला. मंजुळाबाई म्हणे, "हाव बाबा, पण ते म्हशीले विचारलं का? तिच्या तोंडचा घास हिसकला तू."

आई खामगावहून आली तोवर माल वाळत आला होता. तिनं एक उचलली, उन्हाकडं धरली. आरपार काही दिसत नव्हतं. मंग कढईत तेल तापवून एक सोडली. कुरडई कशी टाकल्याबरोबर फुलून कढईभर होते, ही तशी झाली नाई. बुडाली, अन् तिथंच राह्यली. आई झाऱ्या घेऊन उभी, अन् आमी सगळे कढईत वाकून पाहून राह्यलो (मी सोडून, मले वाकता येत नव्हतं). आई रागवली असती तं परवडलं असतं. तिनं कढई उतरवली अन् बस्त्याच्या साड्याईच्या घड्या घालत बसली. छकुली म्हणे, "दादा, तूच जाय मलकापूरले नांदाले," अन् आत जाऊन रडली. ते मले खरंच लागलं.

तवापासून रोज त्याच कुरड्या भिजवून, कांदा टाकून, भाजी करून माह्या ताटात येतात. एकट्या माह्या. बाकीच्याईले वरण-भाकर. खोटं नाई सांगत, चवीले वाईट नाई, दाताले थोडं काम पडते. पोट सकाळी एकदम साफ. पाकिटातल्या वस्तूवरचं माहं मत अजूनही तेच आहे अन् तेच राहीन. फक्त गच्चीवरची वस्तू, जी आपण वर्षातून सणासुदीले खातो अन् जिच्यात गहू, मीठ अन् बायाईचे हात याच्याशिवाय काही नसते, तिच्या मागं लागाची गरज नव्हती, हे कमरेतून कळलं.

मामाजींले नमस्कार. गायीची काळजी घेजा.

तुमचा,
अविनाश

ता.क. – आता मुद्द्याचं. आत्याबाई, तुमच्याकडं दरवर्षी डबे भरून कुरड्या असतात अन् त्या आरपार दिसतात, हे मी स्वतः पाह्यलं आहे. त्यातल्या रुखवतापुरत्या गुपचूप पाठवजा. आईले कळू देऊ नका. मागच्या उन्हाळ्यात तुमी तिच्या कुरड्या जाड आहेत म्हटलं, तवापासून ती तुमचं नाव घेत नाई अन् तुमीही इकडं आल्या नाई. ती जीव गेला तरी मागणार नाई, अन् छकुलीचं तोंड माह्याच्यानं पाहवत नाई. माल वावरातल्या पत्त्यावर पाठवजा.

ता.क. २ – हे पत्र वाचून फाडून टाकजा.

ता.क. ३ – बाई, नमस्कार. मी अवीची आई. पाकीट चिकटवाले वाटीत भात मागाले आला (डिंकात काय असते कोण जाणे, म्हणे), तवाच समजलं, अन् पत्र काढून वाचलं. कुरड्या पाठवू नका. गहू मी परत भिजू घातले आहेत. तुमीच या, अन् तुमचा सोऱ्या घेऊन या. तुमी बोलल्या ते मले लय लागलं होतं, पण आमच्या सोऱ्याची चकती झिजली आहे हे खरं आहे. शालूबाई म्हणते नांदुऱ्याची बाई येत असंन तं मीही येते. पोराले त्या दिवशी वावरात पाठवते. त्यानं गल्लीत आमचं हसू केलं, पण यांची तब्येत त्याच्यामुळंच सुधरली, गोळीही अर्धी झाली. हे त्याले सांगू नका.