आरसा घेऊन उतरणारी बाई

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी फिल्म मिळाली. एकदा सलग पाहिली, मग थांबवत थांबवत पाहिली, मग आवाज बंद करून. तुझी मामी म्हणाली, निवृत्त माणसाने दिवसभर कार्टून पाहिलं तर लोक काय म्हणतील. मी तिला सांगितलं की सगळी नोकरी एक्स-रेच्या खोलीत दार लावून केली, लोक काय म्हणतात ते तेव्हा ऐकलं नाही, आता कशाला ऐकू? आणि नाक मुरडणाऱ्यांना माझं उघड आव्हान आहे. तीन तासांचा सिनेमा कोणीही काढेल. सात मिनिटांत एक बाई जिवंत करून दाखवा म्हणावं.

गोष्ट ती केवढी! लिफ्ट बंद. घर सोडून निघालेली बाई मोठा आरसा उचलून चार मजले उतरते, एक शब्द बोलत नाही. पण त्या आरशात काय काय येतं! अर्धं उघडं दार, वाळत घातलेला टॉवेल, फडफडणारी ट्यूबलाइट, नाकात बोट घालून उभा असलेला शेजारी. कॉम्प्युटरवर आरसा काढायचा म्हणजे दुप्पट काम, समोरचंही करायचं आणि मागचंही, हे मी वाचून आहे. शिवाय काचेवर तिच्या अंगठ्याचा ठसा उमटतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. तो कोणाला दिसेल असं तुला वाटलं नसेल. मला दिसला.

आणि ती चाल! डावा पाय किंचित ओढत, कमरेतून वळून टाकलेलं पाऊल. कुठून शोधून आणलीस गं ही बाई? हाडं बघण्यात जन्म गेला माझा, म्हणून सांगतो, अशी चाल कोणी मनाने रचत नाही. मला राहवेना, म्हणून फिल्म अक्कालाही पाठवून दिली. सोबत ठासून लिहिलं की त्या लंगड्या बाईची चाल नीट बघ, तुझ्या पोरीने कमाल केली आहे.

महोत्सवाला कधी पाठवतेस ते कळव. कामाच्या नादात जेवण टाळू नकोस.

आशीर्वादात कधी काटकसर न करणारा,
तुझा मामा


ता. ११ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती चाल आईची आहे. जगाची हाडं तपासलीस आणि सख्ख्या बहिणीचा पाय ओळखला नाहीस? मी तिला समोर बसवून, हळूहळू, स्वतः सांगणार होते. तू ‘लंगडी बाई’ लिहून मोकळा झालास.

ती आता माझा फोन उचलत नाही. चार ओळींचं पत्र आलं. नोकरीभर ती टपालाच्या काउंटरमागे बसली, सगळ्यांच्या आधी पोचली, सगळ्यांनंतर उठली, लहानपणच्या तापात पाय गेलाय याची ताकास तूर लागू दिली नाही. लोकांनी तिला कमरेच्या वरच पाहिलं. आता अनोळखी माणसं अंधारात बसून तिला चालताना बघणार. तिने लिहिलं आहे की पाय माझा आहे, काढून टाक.

आमच्या स्टुडिओच्या साहेबांचंही तेच म्हणणं, पण कारण वेगळं. म्हणे लंगडी बाई पाहून लोकांना कीव येते आणि कीव आली की मजा जाते. आमच्याकडे कॉम्प्युटरमध्ये तयार चाली साठवलेल्या असतात, त्यातली एक सरळ चाल त्यांनी दुपारभरात माझ्या बाईला लावून दाखवली. तीच ठेवली तर फिल्म स्टुडिओच्या नावाने जाणार, नाहीतर नाव नाही, पक्की प्रत काढायला त्यांचं मशीनही नाही. मी त्यांना तोंडावर ‘नाही’ म्हटलं. घरच्या मशीनवर एकेक चित्र गोगलगायीच्या वेगाने निघालं तरी चालेल, म्हटलं.

पण आईला नाही कसं म्हणू? साहेबांशी भांडताना माझंच बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. आईशी भांडताना तसं वाटत नाही. म्हणून दोन्ही प्रती तिला पाठवल्या आहेत, तूच ठरव म्हणून. मार्चअखेरीस महोत्सवाचा प्रवेश बंद होतो. ती सरळ चाल म्हणाली, तर मी फिल्मच मागे घेईन. सरळ चालणारी ती बाई मी केलेली नाही.

तू तिला काही लिहू नकोस. एवढ्या वेळी तरी मिठाची गुळणी धर. मामीला नमस्कार.

रागावलेली, पण तुझीच,
भिंगरी


ता. १५ फेब्रुवारी

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीने मला तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

तुझी चाल मी ओळखली नाही. रागाव. पण अक्का, ओळखणार कशी? सख्ख्या भावालासुद्धा तू ती कधी धड बघू दिली नाहीस. शाबास तुझी. पण एवढा पहारा कोणासाठी गं?

पोरीने मात्र ती पाहिली. आणि कीव म्हणून काढली असं मनातसुद्धा आणू नकोस. एका सेकंदाच्या चालीला चोवीस चित्रं काढावी लागतात. कीव तेवढा वेळ टिकत नाही.

माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस, एवढंच मागतो. गुडघ्यांना जप.

तुझा आगाऊ,
धाकटा


ता. २१ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिस,
अनेक शुभाशीर्वाद.

फोनवर मला रडू आलं असतं आणि ते तुला ऐकवायचं नव्हतं, म्हणून उचलला नाही. मामाचं पत्र आलं. गप्प बस म्हटलं की तो दुप्पट बोलतो, हे तुला अजून कळू नये?

दोन्ही प्रती पाहिल्या. आधी साहेबांची. सरळ चालणारी बाई दिसायला बरी आहे, पण तिच्या हातातल्या आरशाला वजनच नाही. पुठ्ठा घेऊन निघाली आहे जशी. मग तुझी लावली. पहिल्यांदा मी मान फिरवली. मग पुन्हा लावली आणि बघत राहिले. मी स्वतःला चालताना कधी पाहिलंच नव्हतं गं. आरशापुढे माणूस उभं राहतं, चालत नाही. मला वाटायचं, चालताना मी फार वाईट दिसत असेन. तशी नाही दिसत. तो शेजारी टक लावून बघतो, तर ती बाई त्याच्यावर डोळे वटारते आणि पुढच्या पायरीला लागते. मला ती आवडली.

तेव्हा चाल राहू दे. साहेबांना माझा निरोप सांग की बाईला सरळ करण्यापेक्षा लिफ्ट दुरुस्त करा. त्यांचं नाव नसलं म्हणून आपलं काही अडत नाही. शेवटच्या नामावलीत चालीपुढे माझं नाव घाल, तेही मोठ्या अक्षरांत. कोणाला कीव करायची असेल तर तिकीट काढून करू दे.

पण एक चूक आहे, ती सुधारल्याशिवाय पाठवायची नाही. जिना उतरताना तू तिला चांगला पाय आधी टाकायला लावला आहेस. तसं उतरले तर मी आरशासकट तळमजल्यावर जाईन. उतरताना अधू पाय आधी खाली ठेवायचा आणि भार मागच्या चांगल्या पायावर पेलायचा. चढताना उलटं. तुला हे ठाऊक नसणारच. जिन्यात मी तुला नेहमी पुढे पिटाळायचे, धाव, खाली जाऊन थांब म्हणायचे. तुला वाटायचं, आई खेळतेय. तू मला बघू नयेस म्हणून ते होतं.

सगळे जिने पुन्हा करावे लागतील, हे कळतंय मला. कर. रविवारी ये, कॅमेरा घेऊन ये. या वेळी मी पुढे उतरते, तू मागून ये.

लोभ कमी झालेला नाही, हे वेगळं लिहायला हवं का?

तुझी,
आई