काशीला सोडलेला गहू

फ्रीगंज, उज्जैन
२३ ऑक्टोबर १९५६

प्रिय रजनी,

अनेक आशीर्वाद. माझी तार या पत्राच्या आधी पोचली असेल आणि घरात सगळे चक्रावले असतील. ‘सुमनला गहू देऊ नका, पत्र येते आहे’ एवढंच लिहिलं होतं. तारबाबूनं दोनदा विचारलं, बाबूजी, गेहूँ ही लिखना है ना? म्हटलं, हाँ भाई, गेहूँच. तू लिहिलंस की वर्षाची होईपर्यंत गुबगुबीत असलेली सुमी पोळी खायला लागल्यापासून झिजत चालली आहे, पोट तेवढं फुगलेलं आणि हातापायांच्या नुसत्या काड्या. तिला ताकद यावी म्हणून सासूबाई रोज गव्हाचं सत्त्व भरवतात, तेव्हा इथला अस्सल मालवी गहू धाडून द्या, असंही लिहिलंस. तो गहू मी धाडणार नाही. का नाही, ते सांगायलाच बसलो आहे. पण गेले काही महिने माझं डोकं असं भणभणलं आहे की आधी थोडं चिडून घेतल्याशिवाय माझ्या हातून सरळ काही लिहून होणार नाही.

आज मी काय जेवलो? भात, मुगाचं पाणी आणि दोडका. काल? भात, मुगाचं पाणी आणि दुधी. गहू सुटून तीन वर्षं होत आली, मी हूं की चूं केलं नाही. ज्वारीची भाकरी होती, भगर होती, जिला इथले लोक मोरधन म्हणतात, दाण्याची आमटी होती, निजताना पेलाभर दूध होतं. एवढ्यावर माणूस नीट जगतो. अंगावर थोडं मांसही आलं होतं. मग या चैत्रात दूध पोटात ठरेनासं झालं. तुझ्या आईनं तुला कळवलं की मी ओंकारेश्वरला दूध सोडलं. साफ खोटं! मी दूध सोडलेलं नाही, दुधानं मला सोडलं. परवा कोजागिरीला सगळे केशरी दूध पीत होते आणि मी कोमट पाण्याचा पेला हातात धरून बसलो होतो.

श्रावणात दाणे गेले. दाण्याचं कूट काढून टाकल्यावर आपल्या स्वयंपाकात उरतं काय, तूच सांग. तुझी आई कोशिंबिरीच्या वाटीसमोर बसून अक्षरशः रडली. दसऱ्याला तूरडाळ गेली. आधी वाटलं हिंगाचा दोष असेल, कारण बाजारच्या हिंगात कणीक मिसळतात हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं. हिंग बंद केला, तरी वरण बाधलंच. प्रत्येक वेळी तोच छळ. आठ दिवस नुसता भात, मग एकेक पदार्थ चमचा चमचा खाऊन वाट बघायची की आता काय होतंय. चक्कीत सगळ्यांचा गहू दळला जातो, म्हणून ज्वारीसुद्धा तुझी आई घरी जात्यावर दळते आणि तिचे खांदे रात्रंदिवस ठणकतात. डॉक्टर म्हणतात, आतडं दुखावलंय, थोडं रुसेल, यातलं काही पुढेमागे परत चालू होईल. पुढेमागे म्हणजे कधी, असं विचारलं की हसतात. मला त्या हसण्याचा फार राग येतो.

आणि लोक! शेजारच्या भाभी महाकाळच्या पुजाऱ्यांची सून, त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, तात्याजी तो जीते-जी संत हो गए. सणावारी पोरांना माझ्या पाया पडायला धाडतात. गहू काशीला, दूध ओंकारेश्वरला, दाणे नाशिकला. तुझ्या आईला आता तीर्थं पुरेनात, तूरडाळ कुठे सोडली ते अजून ठरायचं आहे. कोठीवर, म्हणजे आमच्या सरकारी कचेरीत, निरोपाची जेवणं चालली आहेत, कारण येत्या एक तारखेला आपलं मध्यभारत राज्य संपणार. अर्धे लोक भोपाळला निघाले, जुने शिक्के पोत्यात भरून ठेवलेत. तुमचं नागपूर मुंबईकडे चाललं, आम्ही भोपाळकडे, एका राज्यात येता येता राहिलो. तर गेल्या रविवारी आमच्या खात्यातल्या वसंतरावांनी दाल-बाफल्यांचा बेत केला. मला मानाच्या पाटावर बसवलं, समोर पत्रावळ ठेवली, तिच्यावर दोन केळी, आणि माझ्या वैराग्यावर भाषण ठोकलं. उकडून भाजलेले कणकेचे बाफले तुपात बुडवल्याचा वास येत होता आणि मी मनातल्या मनात अख्ख्या खात्याचा उद्धार करत होतो. कसलं वैराग्य! कुणी बघत नसतं तर मी सहा बाफले खाल्ले असते आणि महिनाभर अंथरुणाला खिळलो असतो.

तुझं लग्न ठरलं तो दिवस तुला आठवतो का? विहीणबाई तुला बघायला आल्या होत्या, पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि त्यांच्या लक्षात आलं की माझ्या पानात पोळी नाही. यांना पथ्य आहे का, म्हणाल्या. विचारलं सहज, पण हात थांबला होता. मी घाबरलो. तुझी आई मात्र वाढता वाढता म्हणाली, यांनी गहू काशीला सोडलाय. विहीणबाईंनी खरकटा हात तसाच ठेवून डाव्या हातानं मला नमस्कार केला. घर धार्मिक आहे, म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत लग्न ठरलं. त्यानंतर खरं सांगायची सोय उरली नाही, आणि खोटं सांगायची आम्हाला सवय लागली.

मी काशी पाहिलेली नाही, रजनी. तुझ्या लग्नाआधीच्या थंडीत मी काशीला म्हणून बारा दिवस गेलो होतो ते इंदूरच्या एका दवाखान्यात. स्टेशनवर पोचवायला येऊ नका असं मी बजावलं होतं ते त्याचसाठी. विलायतेहून शिकून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की मला जी संग्रहणी आहे ती गव्हानं होते, गहू जन्मभर बंद. त्यांनी विचारलं होतं, घरात रक्ताच्या नात्यात आणखी कुणाला असं आहे का, हे घराण्यात उतरू शकतं. मी ठामपणे नाही म्हणालो, कारण घरात लग्नाची मुलगी होती. तुझं पत्र आलं आणि पहिल्या चार ओळींतच मला सगळं कळलं. ते पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. नऊ दिवस मी विचार करत बसलो की विहीणबाई काय म्हणतील, तुला त्या घरात काय काय ऐकावं लागेल, आणि ते सगळे दिवस माझी नात सत्त्व खात होती. एवढा नालायकपणा मी आयुष्यात केलेला नाही. हे पत्र जावईबापू श्रीकांतरावांना दे आणि विहीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखव. आम्ही त्यांना फसवलं, तुला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना जे बोलायचं असेल ते मला बोलावं, मी शुक्रवारी तिकडे येतो आहे, समोर बसून ऐकून घेईन आणि सुमीला घेऊन तुम्हा दोघांबरोबर मोठ्या डॉक्टरांकडे जाईन. तोवर तिला भाताची पेज दे, मुगाचं पाणी दे, केळं कुस्करून दे, दूधही थोडे दिवस थांबव. पोळी, रवा, शेवया, बिस्कीट, काही नको. नुसत्या तारेवरून कुणी थांबलं असेल असं मला वाटत नाही. तू हे वाचत असताना चुलीवर सत्त्व शिजत असेल, तर कोण काय म्हणेल ते बघू नकोस, ऊठ आणि आधी ते पातेलं उतरव.

तुझाच अपराधी,
तात्या