पत्राच्या तळाची दोन अक्षरं

२ ऑगस्ट

बोटीशी संपर्क तुटून आज तिसरा दिवस. चौदा माणसं आहेत बोटीवर. कप्तान आमचा दादा.

बोट आमच्याच कंपनीची; सकाळी ऑफिसात साहेबांनी बोलावलं. वाटलं, घरी जा म्हणतील. म्हणाले, "चौदा घरांना पत्र जायला हवं. तुमच्याइतकं कुणाला जमत नाही." आणि मी बसले की लिहायला! निळी फाइल काढली. नऊ वर्षांत जमवलेली इंग्रजी वाक्यं तयारच आहेत त्यात. आमच्या नियंत्रणाबाहेरील परिस्थितीमुळे. हवामान अनुकूल राहिल्यास. अधिक माहिती उपलब्ध झाल्यास कळवण्यात येईल. कोण कळवणार, ते नाही. कधी, तेही नाही. तासाभरात मसुदा तयार.

चौदावं पाकीट आमच्याच पत्त्यावरचं. टायपिस्टबाईंनी ते चिकटवलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

४ ऑगस्ट

पत्र टपालाने घरी आलं. आई म्हणाली, वाच. वाचलं. "शोध चालू आहे. काही कळलं की लगेच सांगतील." जर-तर सगळे गाळले.

आईला इंग्रजी येत नाही. दोन अक्षरं तेवढी ओळखते – माझ्या नावाचं पहिलं आणि आडनावाचं पहिलं. नोकरी लागली तेव्हा तिनेच माझ्या डब्याच्या झाकणावर कोरून घेतली होती. आमच्याकडे मसुदा ज्याने केला त्याची अक्षरं पत्राच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बारीक टाइप करतात. तिचं बोट ओळींवरून फिरत फिरत तिथे येऊन थांबलं.

"हे तुझं ना गं?"

हो म्हटलं.

"तू लिहिलंस? मग येतोय म्हणून का नाही लिहिलंस?"

काय सांगणार! गॅसवर दूध आहे म्हणून उठले. दूध नव्हतं.

५ ऑगस्ट

काही नाही.

७ ऑगस्ट

आईने दादाच्या खोलीतल्या चादरी बदलल्या. पडदे धुतले. माझ्या वाचण्यामुळे हे चाललंय. सांगायला हवं, पण रोज उद्यावर ढकलते.

ऑफिसात नवीन लागलेल्यांना मीच शिकवते. आधी कर्ता काढा. कुणी केलं ते नको, झालं एवढंच लिहा. मग एखादी अट घाला. अट असली की उद्या काही अंगाशी येत नाही. साहेब माझ्या मसुद्यांवर डोळे मिटून सही करतात. याचा केवढा अभिमान होता मला!

दादा चिडवायचा. "तुझं इंग्रजी म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. अगं, ये म्हण, नाहीतर नको म्हण!" त्याच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, हिला आमंत्रण दिलं तर कळवेल, परिस्थिती अनुकूल राहिल्यास येईन. आई हसून हसून डोळे पुसायची.

लग्न राहिलंच त्याचं.

९ ऑगस्ट

बोटीवरच्या आचाऱ्याची बायको ऑफिसात आली. पत्राची घडी घालून घालून रेघा पडलेल्या. समोर बसली. "मॅडम, तीन जणांकडून वाचून घेतलं. तिघांनी तीन अर्थ सांगितले. साधं सांगा, माझा माणूस आहे की नाही?"

मी म्हटलं, अधिक माहिती उपलब्ध झाल्यास –

तिने पत्र उचललं. जाताना म्हणाली, "तुमचा भाऊ आहे ना त्याच बोटीवर? तुम्हाला तरी कळतं का यातलं?"

१२ ऑगस्ट

शोध थांबवला.

दादा गेला. हे वाक्य लिहिलं. एकही अट नाही त्याला.

साहेबांनी दार लावून घेतलं. दुःख त्यांनाही झालंय, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, चौदा घरांना दुसरं पत्र करावं लागेल. चौकशी होईल. निघण्याचा निर्णय सर्वस्वी कप्तानाचा होता, हे त्यात यायला हवं.

"त्याने थांबायची परवानगी मागितली होती, साहेब. दोन दिवस."

"कागद तसं म्हणत नाही. आपण पाठवलेल्या उत्तराची प्रत काढून बघा."

१३ ऑगस्ट

प्रत काढली नाही.

पत्र केलं नाही मी. टायपिस्टबाईंनी माझ्याच फाइलमधली वाक्यं जोडून केलं. त्यांना काही कठीण गेलं नाही.

१५ ऑगस्ट

संध्याकाळी आचाऱ्याची बायको घरी आली, हातात ते दुसरं पत्र. आत ये म्हटलं तर आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच आईला म्हणाली, "तुमच्या मुलाने वादळात बोट घातली. चौदा घरं बुडवली." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आईने दार लावलं. माझ्यासमोर येऊन बसली. "खरं का गं? लहानपणी पुरात पूल ओलांडायला भ्यायचा तो. मी हात धरून न्यायचे. तो असं करेल?"

कागद बघितल्याशिवाय काय सांगू, असं स्वतःला म्हणत राहिले. पण मला आठवतंय. त्या दिवसाचं सगळं आठवतंय.

१६ ऑगस्ट

प्रत काढली. आता लिहूनच टाकते.

वरती दादाचा संदेश. समुद्र खवळलेला आहे, दोन दिवस थांबू द्या. साहेबांनी मला बोलावून एवढंच सांगितलं होतं, "नाही म्हणा. ठरल्या वेळेला निघायला सांगा." एका ओळीचं काम. मला माहीत होतं, बोट दादाची आहे. त्यात काय, रोजचंच काम!

पहिली ओळ तशीच लिहिली. ठरल्याप्रमाणे प्रस्थान करावे. मग सवयीने खाली एक ओळ घातली. अंतिम निर्णय कप्तानाच्या विवेकाधीन राहील. कुणी सांगितलं नव्हतं. पत्र उघडंबोडकं दिसत होतं, म्हणून. साहेब वाचून म्हणाले होते, वा!

त्या ओळीचा आधार घेऊन दादाला थांबता आलं नाही. पहिला हुकूम साहेबांचा होता, तो मोडून कोण थांबतो? फक्त बुडाल्यावर दोष त्याच्या नावावर गेला. साहेबांना वाचवायला मी एवढी हुशारी केली, आणि माझ्याच भावाला धरून दिलं. रडूही येत नाहीये मला. लाज वाटते नुसती.

कागद पर्समध्ये घालून घरी आणला. नऊ वर्षांत पहिल्यांदा ऑफिसातला कागद बाहेर काढला.

१७ ऑगस्ट

आईला वाचून दाखवला. या वेळी काही गाळलं नाही.

तिने बोट तळाशी नेलं. त्या दोन अक्षरांवर ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

हा कागद चौदा घरी न्यायचाय. पहिलं घर आज झालं.