ओल्या खळीची साक्ष

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सहासष्ट, धंदा पुस्तकबांधणी, असे लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, हात स्थिर आहे आणि माझ्या मानेवर कोणी बसलेले नाही. धाकटा भाऊ दोनदा बसायला आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवले. पुढच्या सोमवारी डॉक्टर माझी छाती उघडून आतली एक झडप बदलणार आहेत. उसवून पुन्हा शिवायचे काम मी स्वतः जन्मभर केले आहे, त्यामुळे शिवणारा कितीही चांगला असला तरी कधी कधी कागदच जुना निघतो, हे मला कळते. म्हणून हे मृत्युपत्र. आधी एकही केलेले नाही, तेव्हा रद्द करण्यासारखे काही नाही. वकीलबाई म्हणाल्या, थोडक्यात लिहा. त्यांचे मी ऐकून घेतले आहे.

कलम १. दुकान भाचीला. म्हणजे तिन्ही शिकंजे, कापायचे यंत्र, सुऱ्या, दाभणे, पुठ्ठे आणि आईची घडी दाबायची हाडाची पट्टी. रस्त्याकडच्या लहान खोलीचे कलम ६ मध्ये पाहावे. भाचीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही, सांगितले असते तर ती माझे एक ऐकेनाशी झाली असती.

अट एकच. खळ घरी शिजवायची, डब्यातला गोंद आणायचा नाही. मात्र ती तीन वाजताच लावली पाहिजे असे काही नाही. आईच्या वेळी तो नियम होता. शिवून झालेल्या पुस्तकांच्या पाठींना तीनच्या ठोक्याला खळ, मग शिकंज्यात दाबायची, पाच वाजता वाळलेली काढून कडा कापायच्या. आभाळ कोसळले तरी खळ तीनला, असे आई म्हणायची. त्या नियमापायी एका माणसाची चौदा वर्षे गेली, आणि नियम सांगणारी मी होते.

कलम २. काचेच्या कपाटातली लाल फाईल. हीसुद्धा भाचीला, कारण ती तिच्याच हाती प्रथम आली. ही माझ्या आईच्या खुनाच्या तपासाची फाईल आहे. ती आमच्याकडे कशी आली ते इथे लिहून ठेवते, नाहीतर पुढे कोणी म्हणेल म्हातारीने चोरली.

आईला मारले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. उन्हाळ्याचे दिवस होते. दोन वाजता मी हजेरीपटांचे गठ्ठे घेऊन लांबच्या शाळेत गेले आणि पावणेसहाला परत आले. दार नुसते लोटलेले होते. आई मोठ्या टेबलापाशी पडली होती, शेजारी शिकंज्याचा लोखंडी दांडा. याहून जास्त मी लिहिणार नाही, ज्याला हवे त्याने फाईल वाचावी.

फौजदार आला. त्याने मला विचारले, "आई शेवटचं काय करत होती?" शिकंज्यात सात पुस्तके दाबलेली होती, मी म्हटले, "खळ लावत होती."

"म्हणजे किती वाजता?"

"तीनला. आई रोज तीनलाच लावते."

झाले. मी पाहिलेले सांगितलेच नाही, घरचा नियम सांगितला. पुस्तकबांधणाऱ्याच्या पोरीशिवाय ही चूक दुसरे कोणी करू शकले नसते. खळ तीनला लागली, पाचला पुस्तके शिकंज्यातून निघाली नाहीत, म्हणजे घाव त्या दरम्यानचा. आणि तेव्हा दुकानात कोण होते, तर धारवाले. हे दर गुरुवारी आमच्या सुऱ्यांना धार लावायला यायचे, वय तेव्हा पंचवीस. आई आणि ते यांचे दर गुरुवारी भांडण व्हायचे. ती म्हणायची धार नाही, ते म्हणायचे हात नाही. दोघांचीही ती करमणूक होती. त्या दिवशीचे भांडण मात्र चांगले चार वाजेपर्यंत रंगले आणि सगळ्या गल्लीने ऐकले. फौजदाराला आणखी काय हवे? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, यांना फाशी तेवढी झाली नाही. हे कोर्टात म्हणाले, "मी निघालो तेव्हा बाई जिवंत होत्या, मला शिव्या घालत होत्या." न्यायाधीशांनी लिहिले की या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी कोर्टाने जुन्या खटल्यांच्या साठ फायली बांधायला काढल्या आणि ते काम आम्हाला मिळाले. आईचा खून आमच्याच दुकानात बांधायला आला. भाची तेव्हा नवी होती. एकतिसावी फाईल उघडून ती म्हणाली, "आत्या, यात आपल्या दुकानाचा पत्ता कसा?" त्या दुपारचे काम मी बंद केले, दाराला कडी लावली आणि पहिल्यांदा ती फाईल वाचली. खटल्याच्या वेळी मला कोणी वाचायला दिली नव्हती, मीही मागितली नव्हती.

पंचनामा सव्वासहाचा होता. त्यात असे लिहिले होते: शिकंज्यातील पुस्तकांच्या पाठी ओल्या असून पंच क्रमांक दोन यांच्या सदऱ्याला चिकट पदार्थ लागला, त्याबाबत त्यांनी नाराजी व्यक्त केली. मी ते वाक्य चारदा वाचले. उन्हाळ्यात तीनला लावलेली खळ सव्वासहाला सदऱ्याला लागत नाही. ती नखाने वाजवली तर टकटक वाजते. आईने त्या दिवशी खळ पाचच्या पुढे लावली होती. भांडणात वेळ गेला, शेवटची पुस्तके शिवायची राहिली, मग खळ. आणि साडेचारपासून सातपर्यंत धारवाले इस्पितळाच्या मुदपाकखान्यात सुऱ्या घासत होते, तिथल्या फाटकाच्या वहीत त्यांची येता-जाता सही आहे. ती वहीही त्याच फाईलमध्ये होती. खून चारच्या सुमाराचा ठरलेला, म्हणून ती कोणी उघडली नाही.

मग वकीलबाईंनी खटला पुन्हा उघडायचा अर्ज केला आणि मी तीन उन्हाळे खळ शिजवली. तोच पिठाचा घट्टपणा, तेच पुठ्ठे, भिंतीवर तापमापक. वकीलबाईंना पांढरा सदरा घालून पुस्तकांवर रेलायला लावले. एका तासाला डाग, दोन तासांना काही नाही, सव्वातीन तासांपर्यंत तर त्यांची झोपही लागली. शेवटी शिकंजा टांग्यात घालून कोर्टात नेला, सकाळी अकराला खळ लावली. न्यायाधीश महाराज बारा वाजता स्वतः खाली उतरले, बाही चिकटवून घेतली आणि सव्वादोनला परत येऊन दुसरी बाही घासून पाहिली. त्यांच्या शिपायाला हसू आवरले नाही, त्याला ताकीद मिळाली. निकालानंतर कोर्टाने पावती घेऊन ही फाईल मला ठेवायला दिली.

कलम ३. फौजदार, आता निवृत्त, कुंड्यांत गुलाब लावतो. त्याला फाईलची एक प्रत, चामड्यात बांधून, पाठीवर सोनेरी अक्षरे, पंचनाम्याच्या पानावर रेशमी फीत. प्रत तयार आहे, भाचीने नेऊन द्यावी आणि चहा न घेता परत यावे. मी त्याच्याकडे गेले होते तेव्हा तो म्हणाला, "बाई, वेळ तुम्हीच सांगितलीत ना?" हे खरे आहे, म्हणूनच मला त्याचा जास्त राग येतो.

कलम ४. कागदवाला. आम्हाला रिमे पुरवायचा. याला मी काही देत नाही, तो मेला आहे, स्वतःच्या बिछान्यात, चपला काढून. त्याचा जबाब फाईलमध्ये आहे: साडेपाचला दोन रिमे घेऊन आलो, दार बंद दिसले, रिमे घेऊन परत गेलो. चार पाने पुढे पंचनाम्यात: दाराच्या आत दोन नवी रिमे, सुतळी न सोडलेली. मी दोनला निघाले तेव्हा दुकानात कोरा कागद औषधालाही नव्हता. ही दोन पाने एका बैठकीत कोणी वाचलीच नाहीत. त्या आठवड्यात आईने त्याची रिमे ताव-ताव मोजून कमी भरल्याचे पकडले होते आणि सगळ्या बांधणीवाल्यांना सांगणार म्हणाली होती.

त्याने मारले असे मी लिहीत नाही. मी ते पाहिले नाही. न पाहिलेले एकदा सांगून मी पुरे नुकसान केले आहे. रिमे आत होती, एवढे मी पाहिले. त्याच्या मुलांवर माझा राग नाही, त्यांनी भाचीला कागद पुरवायला हरकत नाही. ताव मात्र मोजून घ्यावेत.

कलम ५. वरच्या दोन खोल्या आणि आईचा चष्मा धाकट्या भावाला. आई गेली तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, याला मी वाढवले, म्हणून हा मला आई समजतो आणि आईसारखेच छळतो. फाईल सापडल्यावर म्हणाला, "ताई, मेलेल्या आईला कशाला उकरतेस? वरातीमागून घोडं." दोन वर्षे माझ्याशी बोलला नाही. निकालाच्या दिवशी मात्र शेवटच्या बाकावर येऊन बसला आणि लहान मुलासारखा रडला. मला त्याचा फार लळा आहे. चष्मा त्याने लावू नये, नंबर वेगळा आहे.

कलम ६. रस्त्याकडची लहान खोली, खिडकी आणि बाहेरच्या ओट्यासकट, धारवाल्यांना.

(हे कलम खोडले आहे. खोडण्यावर माझी सही आहे. कारण खाली देते.)

फाईल वाचली त्याच आठवड्यात मी धारवाल्यांना शोधत त्यांच्या बहिणीच्या घरी गेले. सुटून आल्यापासून ते तिथेच एका कोपऱ्यात राहतात. खुनाचा शिक्का बसलेल्या माणसाच्या हातात कोण सुरी देणार? धंदा कधीच बुडाला होता. रस्ताभर मी वाक्ये पाठ करत गेले होते, दारात एकच आठवले.

"दादा, माझी साक्ष चुकीची होती."

"ते मला ठाऊक आहे, पोरी. मी तिथंच होतो ना."

मग मला बसायला पाट दिला आणि म्हणाले, "तुझी आई ओरडली, तुझ्यामुळं माझी खळ राहिली म्हणून. मी कोर्टात तेच सांगायला लागलो, तर माझाच वकील म्हणतो, खळीचा इथं काय संबंध?" मी त्या पाटावर बसून खूप रडले. ते उठले आणि पाणी घेऊन आले. त्यानंतर आजवर एकही गुरुवार चुकलेला नाही. ते येतात, सुऱ्या घासतात, मी म्हणते धार नाही.

निकाल गेल्या वर्षी लागला. सुटका झाली, पण कागदावर शब्द आले: संशयाचा फायदा देऊन. वकीलबाईंनी तोंडात पेढा ठेवूनच वाचून दाखवले, धारवाल्यांचे तोंड उतरले. "फायदा कसला? म्हणजे संशय आहेच की. मी खरं बोललो होतो, असं कुठं लिहिलंय?" वकीलबाईंनी पुन्हा सगळी पाने चाळली. तसे कुठेच लिहिलेले नव्हते. पुढच्या कोर्टात जायला वय उरलेले नाही, त्यांचे बहात्तर आणि माझे हे असे. नऊ वर्षांत मला एवढी एकच गोष्ट हवी होती आणि तीच मिळाली नाही.

आज गुरुवार. सहीसाठी दोन साक्षीदार लागतात. एक वकीलबाई, दुसरे शेजारचे छापखानेवाले, ते तापाने पडले. धारवाले ओट्यावर सुरी घासत होते. ते आत येऊन म्हणाले, "मी आहे की."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही चालणार. ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं. तुम्हाला खोली मिळतेय."

"साक्षीदारानं करायचं काय असतं?"

"बाई सही करताना पाहायचं. पुढे कोणी विचारलं, तर काय पाहिलं ते सांगायचं."

"आणि ते मानतात?"

"मानतात. त्यासाठीच तर घेतात."

त्यांनी हात पुसले. "मग खोली नको."

मी त्यांच्याशी अर्धा तास भांडले. बहिणीच्या घरचा कोपरा, पावसात गळणारे छप्पर, सगळे काढले. म्हटले, छापखानेवाले दोन दिवसांत बरे होतील, थांबू. हट्टी माणूस. म्हणाले, "पोरी, तू माझं काही देणं लागतेस असं म्हणतेस ना? मग हे दे." मी पेन घेतले आणि कलम ६ खोडले. ती खोली आता दुकानाबरोबर भाचीकडे जाईल.

कलम ७. बँकेत जे असेल त्यातून इस्पितळाचे बिल भागवावे, उरेल ते भाचीला. माझ्यामागे रडण्यासाठी दुकान बंद ठेवू नये. शिकंज्यात कामे अडकलेली आहेत.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले आणि दोघांच्या देखत सही केली.

सही

ठिकाण: दुकानातले मोठे टेबल
तारीख: अकरा, गुरुवार, संध्याकाळचे पाच

साक्षीदार १: वकीलबाई. सही.

साक्षीदार २: धारवाले. यांनी नुसती सही करायला नकार दिला. पुढचा मजकूर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे.

मी तीन वाजल्यापासून इथे होतो. बाईंनी माझ्यासमोर सही केली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. बाई शुद्धीवर आहेत. मी निघालो तेव्हा त्या जिवंत होत्या आणि मला शिव्या घालत होत्या.

सही