एकही शब्द दोनदा नाही

४ मार्च, सोमवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. कुणाला वाचायला द्यायची नाही. तशी कुणी मागितलेली नाही, पण धोरण ठरलेलं बरं.

गाणं पूर्ण झालं. रॅप. संपूर्ण गाण्यात एकही शब्द दोनदा आलेला नाही. जगात हे आजवर कुणी केलं नसेल. केलं असेल तर मला माहीत नाही, म्हणजे मीच पहिला. ‘आणि’ एकदा वापरला की संपला. मग ‘व’, मग ‘अन्’, मग ‘नि’. पुढे जोडायला काही उरलंच नाही, म्हणून गाण्याच्या उत्तरार्धात सगळे एकेकटे आहेत. त्यामुळे एकाकीपणाची थीम फुकटात आली. ‘मी’ पहिल्याच ओळीत खर्च झाला. नंतर स्वतःला ‘अस्मादिक’, ‘बंदा’, ‘प्रस्तुत लेखक’ आणि शेवटी ‘सदर इसम’ म्हणावं लागलं. भाषेवर पकड असली की कुठे अडत नाही.

प्रत्येक ओळीला पाच अर्थ आहेत. लोकांना त्यातले चार कळणार नाहीत. पाचवा मी तेव्हाच कुठेतरी टिपून ठेवायला हवा होता.

५ मार्च, मंगळवार.

रेकॉर्डिंग झालं. सासऱ्यांचं गाद्यांचं दुकान आहे, मी तिथेच कामाला. मागच्या गोडाऊनमध्ये गाद्या उभ्या लावल्या की मधे आवाज अजिबात घुमत नाही. तोच आमचा स्टुडिओ. बीट बनवणं, रेकॉर्ड करणं हे मेहुण्याकडे. हिचा धाकटा भाऊ. त्याला सगळे बोका म्हणतात. का ते त्याला दुधाच्या पातेल्याजवळ पाहिलं की कळतं.

आमची पद्धत अशी: एक ओळ म्हणायची, थांबायचं, पाणी प्यायचं, मग पुढची. बोका नंतर सगळं जोडतो आणि मधला श्वास कापून टाकतो. श्वासाला जागा दिली की तेवढी शब्दांची जागा जाते. काही ठिकाणी तर मागची ओळ संपायच्या आत पुढची सुरू होते. अंगावर काटा आला. बोक्याच्याही आला असणार, पण तो स्वेटर घालून बसला होता.

ऐकून झाल्यावर म्हणाला, दाजी, भारी आहे, पण कोरस कुठाय? लोकांना सोबत म्हणायला काहीतरी पाहिजे. मी त्याला शांतपणे सांगितलं की कोरस म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा, आणि तेवढ्यासाठी मी लग्न केलेलं आहे.

हे हिनं ऐकलं. संध्याकाळी चहा मिळाला नाही.

७ मार्च, गुरुवार.

मोठी बातमी! एका रेकॉर्ड कंपनीच्या बाई येणार आहेत. २४ तारखेला, टाउन हॉलमध्ये. नवीन लोकांनी एकेक गाणं करायचं, त्यातलं एक कंपनी काढणार. बोक्यानं आमचं नाव दिलंसुद्धा.

ही म्हणाली की लग्नाला सहा वर्षं झाली, हे पाचवं ‘शेवटचं गाणं’ आहे. सासरे नवीन ब्रँच काढताहेत, त्यांना तिथे घरचं माणूस हवंय. या वेळी माझं गाणं निवडलं नाही गेलं तर ब्रँच सांभाळायची, पूर्ण वेळ, आणि गाणं कायमचं बंद. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. निवड होणारच आहे, मग घ्यायला काय जातंय?

१० मार्च, रविवार.

स्टेजसाठी नाव ठरलं: वाक्प्रक्षेपणास्त्र. बोका म्हणाला, पब्लिक हे ओरडणार कसं? ओरडायचंच असेल तर त्यांनी तालीम करून यावं.

शेजारच्या चष्मेवाल्याला गाणं ऐकवलं. माझा जुना चाहता. पूर्ण ऐकलं, मान डोलावली, आणि विचारलं की आता गाणं सुरू होणार का. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच.

१२ मार्च, मंगळवार.

अडचण. छोटी.

आज पहिल्यांदाच सलग म्हणून पाहिलं. आजवर गरज पडली नव्हती. तिसऱ्या ओळीनंतर श्वास घ्यायला गेलो तर तिथे जागाच नाही, नुसते शब्द. घेतलाच जबरदस्तीनं, तेवढ्यात बीट दोन ओळी पुढे गेलं. आणि जिथे दोन ओळी एकमेकींवर चढल्यात तिथे तर दोन तोंडं लागतील. बोका हसून हसून गादीवरून घसरला. मी म्हटलं, हसू नको, तूच श्वास कापलेस. तो म्हणाला, तुम्हीच कापायला लावलेत.

तो म्हणतो काही शब्द कमी करू. शब्द कमी! उद्या आईला म्हणेल पोरं कमी कर. शब्द तेवढेच राहतील, फुप्फुसं वाढवायची. रोज सकाळी दोन जिने पळत चढायचे आणि बादलीत डोकं घालून श्वास रोखायचा. उद्यापासून.

१३ मार्च, बुधवार.

जिन्याला पॉलिश लावलंय. पळणं परवापासून.

१५ मार्च, शुक्रवार.

बादलीनं सुरुवात. उत्तम चाललं होतं. ही बाथरूमच्या दाराशी येऊन विचारायला लागली, आत काय चाललंय, बोलत का नाही. आता डोकं पाण्यात असताना माणूस काय बोलणार? तिनं शेजारून चष्मेवाल्याला बोलावलं, त्यानं दार खांद्यानं उघडलं. कडी तुटली. चष्मेवाल्याचा चष्मा बादलीत पडला.

१८ मार्च, सोमवार.

सर्दी.

२० मार्च, बुधवार.

नाक पूर्ण बंद. म्हणजे श्वासाचे दोन रस्ते आधीच गेले, उरला तोंडाचा, आणि तिथे शब्द उभे आहेत. तरी मी खचलेलो नाही.

आज मोठं काम केलं. लोकांना अर्थ पोचावेत म्हणून ‘अर्थपत्रिका’ तयार केली. ओळीनिहाय स्पष्टीकरण, सहा पानं. दारातच प्रत्येकाच्या हातात द्यायची. सगळ्या झेरॉक्स काढून आणल्या. खरं तर चांगल्या रॅपर्सचं नाव का होत नाही, याचं कारण एवढंच आहे: लोक तयारी करून येत नाहीत.

बोक्यानं पुन्हा कोरसचं काढलं. सोपी एक ओळ, दाजी, पाया पडतो. मी म्हटलं, तुला काय कळतं, तू अजून टी-शर्ट उलटा घालतोस. तो निघून गेला. जरा जास्त बोललो की काय? पण टी-शर्ट उलटाच होता.

२५ मार्च, सोमवार. सकाळ.

कालचं जसं घडलं तसं लिहितो.

हॉल भरलेला. पंखे बंद. अर्थपत्रिका हातोहात गेल्या. सगळ्यांनी त्या लगेच वापरायला सुरुवात केली, वारा घ्यायला. सूत्रसंचालकानं माझं नाव कागदावर पाहिलं, दोनदा तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, आता येताहेत पुढचे गृहस्थ.

बीट सुरू झालं. पहिली ओळ खणखणीत. दुसरीसुद्धा. तिसरीला बंद नाकातून शिट्टी वाजायला लागली. चौथीला डोळ्यांपुढे काजवे. पाचवी ओळ चौथीवर चढली तिथे मी अडकलो, आणि तोंडातून आपोआप निघालं: थांबा थांबा, एक मिनिट! माइकमध्येच. बरोबर तालात पडलं. बोका बीट बंद करायच्या ऐवजी बघतच राहिला. मी दम घेऊन सुरू केलं, दोन ओळींत परत तीच गत. थांबा थांबा, एक मिनिट! या वेळी पुढच्या रांगेतली दोन-तीन पोरं माझ्याबरोबर ओरडली. तिसऱ्या वेळी अर्धा हॉल. चौथ्या वेळी मला दमसुद्धा लागला नव्हता, नुसता शिंकायला थांबलो होतो, तर अख्खा हॉल उभा राहून, हात वर करून, थांबा थांबा, एक मिनिट! सूत्रसंचालक नाचत होता. सासरे नाचत होते. मी त्यांना याआधी फक्त स्टॉक आल्यावर हसताना पाहिलंय.

माझ्या सातव्या ओळीकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. ज्या ओळीसाठी मी चार महिने घालवले.

२७ मार्च, बुधवार.

कंपनीच्या बाईंनी घरी फोन केला. आमचं गाणं निवडलंय!!

मी म्हटलं, मला माहीत होतं. अर्थपत्रिका पण छापणार का? बाई म्हणाल्या की त्यांना ते थांबा-थांबावालं हवंय. मधलं बोलणं काढून टाकू.

मधलं बोलणं.

मी समजावलं की ‘थांबा’ गाण्यात नाहीच, तो अपघात आहे, आणि शिवाय तो शब्द दोनदा येतो. फार तर ‘थांबा, खोळंबा, सबुरी, एक मिनिट’ असं करता येईल. बाई नम्रपणे म्हणाल्या, नको. बोका बाजूला उभा राहून हात जोडत होता. ही पण. तिनं कानात सांगितलं की हो म्हणा, नाव होईल तुमचं, शपथेतून पण सुटाल. मी कधी नव्हे ते तिच्या डोळ्यांत पाहिलं. खरंच तिला वाटत होतं माझं नाव व्हावं.

पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही? मी ताठ सांगितलं: घ्या ते थांबा-बिंबा. बोक्याला द्या. माझं नाव मात्र कुठेही लावू नका. माझ्या नावावर एक शब्द दोनदा जाणार नाही.

फोन ठेवल्यावर घरात कुणी बोललं नाही. भारावून गेले असावेत.

५ एप्रिल, शुक्रवार.

गाणं आलं. गायक: बोका.

दुपारपर्यंत रिक्षात वाजायला लागलं. संध्याकाळी भाजीवाली सुट्टे देताना म्हणाली, थांबा थांबा, एक मिनिट. ट्रॅफिकचा हवालदार हात दाखवून तेच. समोरच्या बंगल्यातलं बाळ, ज्याला अजून ‘आई’ म्हणता येत नाही, ते ‘थांबा’ म्हणतं. हॉलमधलंच रेकॉर्डिंग वापरलंय, म्हणजे सगळीकडे माझा आवाज. मी चष्मेवाल्याला म्हटलं, हा आवाज माझा आहे. तो म्हणाला, हो का, सर्दीनं बसलाय वाटतं, बोक्यासारखा लागत नाही.

त्याआधी दुपारीच बाईंना फोन केला होता. म्हटलं, तत्त्व जरा सैल करता येईल, नाव छोट्या अक्षरात टाका. त्या म्हणाल्या, आता सगळीकडे गेलंय, आणि तुमचं नाव आमच्याकडे कुणाला टाइप करता येत नव्हतं.

संध्याकाळी एकटाच गोडाऊनमध्ये जाऊन पूर्ण गाणं ऐकलं. माझी एकही ओळ नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. रडलो. गाद्यांमध्ये आवाज घुमत नाही त्यामुळे कुणाला कळलं नाही.

ही शपथेचं काही बोलली नाही. मीच म्हणालो की माझं गाणं निवडलं गेलेलं नाही, तेव्हा सोमवारपासून ब्रँचवर जातो. ती म्हणाली, डबा देते. एवढंच, पण हात पाठीवर ठेवला.

८ एप्रिल, सोमवार. संध्याकाळ.

ब्रँचचा पहिला दिवस. सासरे स्वतः हजर. ठराव: गाण्याचं नावही काढायचं नाही. आता मी केवळ गाद्यांचा माणूस.

अकरा वाजता पहिलं गिऱ्हाईक. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळं. म्हणाला, महिनोन् महिने धड झोप नाही, आठ दुकानं फिरलो, कुठलीच गादी लागत नाही. त्याला फोमच्या गादीवर आडवं केलं. कूस बदलत राहिला. आता नुसतं उभं राहून काय करणार, म्हणून अगदी हळू आवाजात, फक्त पहिली ओळ म्हटली. ठराव मोडला असं नाही, एक ओळ म्हणजे गाणं नव्हे. घाई नव्हती, बीट नव्हतं, श्वास घ्यायला भरपूर जागा होती. दुसरी म्हटली. तिसरीला त्यानं डोळे मिटले. मनात म्हटलं, मिळाला, एक तरी दर्दी मिळाला. मग काय, बांध फुटला. ‘अस्मादिक’ आले, ‘बंदा’ आला, सातवी ओळ तर अशी लागली की सांगता सोय नाही.

‘सदर इसम’ला पोचलो तेव्हा तो घोरत होता.

मी गप्प झालो. तो लगेच चुळबुळायला लागला. सासरे काउंटरमागून चवड्यांवर चालत आले, ओठांवर बोट ठेवून, हातानं खूण करत की चालू ठेव, चालू ठेव. मी पुन्हा सुरुवातीपासून म्हटलं. तासाभरानं तो उठला, डोळे चोळले, आणि डबल बेडची सगळ्यात महागडी गादी घेऊन गेला. बायकोसाठी वेगळी आणखी एक. कारण त्याला वाटलं, गादीचा गुण आहे.

सासरे गिऱ्हाइकाला शटरपर्यंत पोचवायला गेले. मग जवळ आले आणि हळूच विचारलं, जावईबापू, तुमच्याकडे याच्यापेक्षा लांब एखादं आहे का?

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला आणखी ऐकवा म्हणालं. मी म्हटलं, चार आहेत.