सत्त्याण्णव कोणाचे?

३ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

घरी आलो. पोटाचे टाके ठीक. चिमटा बोटाला लावतो. प्राणवायू सत्त्याण्णव. कालही तेवढाच. ब्याण्णवच्या खाली गेला तर परत या, असं डॉक्टर म्हणाले. तशी वेळ नाही. फुफ्फुसांच्या व्यायामाला श्वासाने तीन गोळ्या उचलायचं खेळणं दिलंय. टाके ओढतात. म्हणून फडताळावर ठेवलं. फोन करू नकोस. कंटाळा येतो. पत्र पेपरवाल्याबरोबर धाडतो.

तुझा दादा

४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न.

आकडा छान आहे, पण मला पटला नाही. वजनमापे खात्यात असताना एका तराजूवरचा तुझा अहवाल वाचायला साहेबांना दोनदा चहा लागायचा. वाक्य अर्धं पान चालायचं. आणि आता चार शब्दांत पूर्णविराम! लिहितानाही धाप लागते का? म्हणूनच फोन नको ना?

ऑपरेशननंतर दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो आणि प्राणवायू हळूहळू कमी होतो, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. तू लगेच मान डोलावलीस, तेव्हाच मला शंका आली. त्यानंतर घसरून पाय प्लास्टरमध्ये गेला नसता तर मीच आले असते. फोन तू उशाशी घेऊन बसला असशील, म्हणून पाकिटावर वहिनींचं नाव घातलंय. आई गेल्यावर मला रागवायला तूच उरलायस. मला भीती वाटते, दादा.

तुझी धाकटी

५ नोव्हेंबर

प्रिय वन्संस,
स. न. वि. वि.

ते सत्त्याण्णव माझे. रोज सकाळी हे माझं बोट चिमट्यात घालायचे. कुठलंही उपकरण आधी खात्रीच्या वजनावर तपासायचं, ही यांची नोकरीतली शिस्त. मला वाटलं, नंतर स्वतःचं बघत असतील.

तुमचं पत्र वाचून मी चिमटा यांच्या बोटाला लावला. शहाऐंशी. ओठ निळसर दिसत होते, त्याचा दोष मी माझ्या चष्म्याला देत होते. हे म्हणाले, मी परत दवाखान्यात गेलो तर तू पुन्हा नुसत्या चहावर दिवस काढशील. मी रडले, मग गाडी बोलावली. आता नाकाला नळी आहे, उठवून बसवलंय. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. खेळणं मी पिशवीत घालून आणलं आहे.

तुमची वहिनी

१४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

काल घरी सोडलं, आणि पोटाशी उशी दाबून धरली की तीनपैकी दोन गोळ्या वर जातात, तिसरी मात्र अजून वरिष्ठांचा हुकूम आल्याशिवाय हलत नाही, हे वाक्य मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण तू पूर्णविराम मोजत बसशील हे मला ठाऊक आहे. तीस वर्षांत मी पकडलेल्या एकाही दुकानदाराला बायकोचं बोट वापरायचं सुचलं नव्हतं, एवढा मोठेपणा माझ्याकडे राहू दे. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. स्वतःचा आकडा मी एकदाही पाहिला नव्हता.

आता तुझ्या वहिनीने माझ्या मनगटावर निळ्या शाईने खूण केली आहे. खूण नसलेल्या हाताचा आकडा वहीत चढत नाही. आजचा चौऱ्याण्णव. माया आहे तशीच असू दे, संशयही थोडा असू दे.

तुझा दादा

ता. क. खूण तपासली. बोट यांचंच आहे. — वहिनी