शांत झालेली झडप

प्रिय आई,

काल फोनवर तू हसत सांगितलंस, की बाबा हल्ली खूश आहेत. तुझ्या छातीतली टिकटिक दबली आणि त्यांना गाढ झोप लागते. हृदयात धातूची झडप बसवल्यापासून ते कुरकुरत होतेच ना, बायको आहे की भिंतीवरचं घड्याळ! तू म्हणालीस, नवी चप्पल चार दिवस चावते, मग रुळते. तशी झडपही रुळली. मला हसू आलं नाही.

आई, धातूची झडप अशी रुळत नसते गं. तिची दोन पाती मिटतात, तेव्हा टिकटिक होते. आवाज दबला, म्हणजे पात्यांवर रक्ताची गुठळी तर धरली नसेल? दाढ काढताना बंद केलेली रक्त पातळ करायची गोळी पुन्हा सुरू केलीस का, असं विचारलं, तर तू मांजरीला पिल्लं झाल्याचं सांगत बसलीस. जिना चढताना तुला धाप लागते, हेही मला शेजारच्या काकूंकडून कळावं?

तू गावभर सांगतेस, आमच्या घरातली पहिली पदवीधर, हृदयाचे फोटो काढते. काढते ना, रोज. पण छातीवरून सोनोग्राफी केली, की धातूची सावली पडते आणि नेमकं हवं तेच झाकलं जातं. म्हणून घशातून बारीक नळी उतरवून मागच्या बाजूने बघतात. क्ष-किरणांच्या हलत्या चित्रात पाती उघडताना-मिटताना दिसतात. मागे एका शिक्षिकाबाईंचं एक पातं जागचं हलत नव्हतं. वेळेवर आल्या, गुठळी विरघळवायचं औषध लागू पडलं, आपल्या पायांनी घरी गेल्या. सगळेच वेळेवर येत नाहीत, आई.

फोनवर हे बोलले असते, तर तू ‘रविवारी बघू’ म्हणून मलाच जेवलीस का विचारलं असतंस. म्हणून दादाच्या हाती पत्र दिलंय. तो गाडी सुरू ठेवूनच दारात उभा असेल. त्याला चहा विचारू नकोस, तूही काही खाऊ-पिऊ नकोस. नळीसाठी पोट रिकामं लागतं. साडी बदलत बसू नकोस, आहेस तशी नीघ. आज डॉक्टर मला मशीनवर बसू देणार नाहीत. बरंच झालं. मी तुझ्या उशाशी उभी राहीन, तुझा हात धरून. पडद्याकडे बघायची माझ्यात हिंमत नाही.

वाट बघणारी,
तुझीच लेक